कुठला चीक

आमच्या घरातलं भांडण शेजारच्या क्वार्टरपर्यंत कधी ऐकू गेलं नाही. आई चिडली की आवाज चढवायची नाही, बोलणंच बंद करायची. अबोला धरायची. हे तिच्या माहेरचं वळण होतं. चांदवडच्या अलीकडच्या त्या गावात तिची आई आणि काकू एका चुलीवर भाकऱ्या भाजत आणि वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नसत, असं ती मोठ्या कौतुकाने सांगायची. अबोल्याचेही नियम होते. जेवायला वाढायचं, ताप आला तर कपाळावर हात ठेवायचा, पण थेट बोलायचं नाही. बोलायची वेळच आली तर समोरच्या माणसाला ‘कुणी’ म्हणायचं. ‘कुणाला चहा हवा असंल तर ओट्यावर झाकून ठेवलाय.’ ‘कुणाचे तरी मोजे दोरीवर हायेत, वाऱ्यानं उडाले तर मला सांगू नका.’ आणि प्रश्न तर मुळीच विचारायचा नाही, कारण प्रश्न विचारला की उत्तरासाठी थांबावं लागतं, आणि थांबलं की अबोला मोडला. लहानपणी बाबांवर धरलेले अबोले बघून मला हसू यायचं. मी कॉलेज संपवून बाहेर पडले त्या वर्षी माझी पाळी आली, आणि तो अबोला हिवाळ्यात सुरू झाला तो उन्हाळा आला तरी संपेना.

बाबा नाशिकजवळच्या एकलहऱ्याला, कोळशाच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरीला होते आणि आम्ही कॉलनीत राहायचो. तिथे दिवसरात्र घरघर चालू असायची, पण त्यात वाढलेल्या माणसाला ती ऐकूच येत नाही. उलट मामाकडे गेले की मला झोप लागायची नाही, कानाला काहीतरी कमी पडायचं. वाऱ्याने दिशा बदलली की कॉलनीतल्या सगळ्या बायका एकदम गच्चीकडे पळायच्या, कारण उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या असायच्या आणि राखेची बारीक पूड त्यांच्यावर बसायची. आईच्या कुरडयांवर जुनी सुती साडी ताणलेली असे, चारी टोकांना चार विटा. कुरडयांच्या दिवसांत आमच्या घराला एक आंबूस वास यायचा. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचे, पिळायचे, पंच्यातून गाळायचे. गाळलेलं पाणी रात्रभर तसंच ठेवलं की पातेल्याच्या तळाशी पांढराशुभ्र चीक बसायचा. तो शिजत असताना गरम गरम वाटीत घेऊन, वर दूध आणि साखर घालून खायचा. अबोल्यातसुद्धा आईने माझी वाटी चुकवली नाही. ओट्यावर ठेवायची आणि ‘कुणाला तरी लय आवडतो’ असं भिंतीला सांगायची. आता कुरडया पाकिटात मिळतात. बऱ्या असतात. पण त्यांच्या आधीची वाटी मिळत नाही.

सायकल बाबांनी आणली होती. कॉलनीतले एक इंजिनिअर बदली होऊन निघाले, त्यांच्या मुलाची जाड टायरांची, पुढे शॉक असलेली माउंटन बाईक बाबांनी मला कॉलेजला जायला म्हणून घेतली. मी कॉलेजला गेलेही, पण त्याहून जास्त डोंगरात गेले. पांडवलेण्यांच्या मागची वाट, रामशेजचा पायथा, सिन्नरच्या बाजूचे उघडेबोडके डोंगर. चढावर जीव तोंडाशी यायचा आणि उतारावर तो परत जागेवर बसायचा, एवढंच त्याचं वर्णन मला करता येईल. घरात मी सारखी कुणाच्या तरी नजरेसमोर असायचे. सायकलवर पुढची दहा हात वाट सोडून दुसरं काही नजरेत राहत नसे, आणि मला कुणी बघतंय का हा विचारही शिल्लक राहत नसे. पुढे मी शर्यतींत उतरायला लागले. पायांत ताकद होती, पण आमच्या पूर्वेकडच्या डोंगरांवर झाडं कमी आणि काटे फार. बाभळीचा वाळका काटा टायरमधून सरळ ट्यूबमध्ये जातो. पुढे असायचे, पंक्चर व्हायचे, आणि रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब बदलता बदलता मागच्या मुली एकेक करून निघून जायच्या.

अबोल्याचं कारणही एक शर्यतच. भाऊमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याने चांदवडच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या घरातलं स्थळ आणलं. मंडळी रविवारी येणार होती. मी आधीच सांगितलं होतं की रविवारी शर्यत आहे, मी घरी नसेन. आईने ऐकलं आणि काही न बोलता पोह्यांसाठी कांदे निवडायला घेतले. मी दुपारी घरी आले तेव्हा मंडळी अजून बसलेलीच होती. माझ्या अंगावर डोंगराची धूळ, गुडघा फुटलेला, आणि मोजे उतरवायला मी तिथेच दारात बसले. मुलाच्या आईने आधी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग आईकडे. मंडळी गेल्यावर आई मला एवढंच म्हणाली, ‘‘माझ्या भावाला मान खाली घालायला लावलीस.’’ त्यानंतर ती बोललीच नाही.

गंमत म्हणजे चांदवडच्या मंडळींना मी आवडले होते. धडधाकट आहे, म्हणाले. मामा परत आला आणि बाहेरच्या खोलीत त्याचं आणि बाबांचं ठरलं. उन्हाळ्यात सिन्नरच्या बाजूला राज्याच्या संघासाठी निवडीची शर्यत होती. त्यात माझी निवड झाली तर सर्टिफिकेट मिळणार, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचा मार्ग मोकळा होणार, आणि मग मी म्हणेपर्यंत लग्नाचा विषय कुणी काढायचा नाही. निवड नाही झाली तर चांदवडला होकार द्यायचा. ‘‘थांबतील ते,’’ मामा म्हणाला. ‘‘पण उन्हाळ्याच्या पुढं नाय.’’ बाबांनी मामाच्या हातावर हात ठेवला. आई आत पोळ्या लाटत होती. तिचं मत कुणी विचारलं नाही, आणि अबोल्यात असल्यामुळे तिने ते सांगितलंही नाही. ती मामाच्या बाजूची आहे, हे मी गृहीत धरून चालले.

नाशिकरोडच्या एका सायबर कॅफेत बसून मी ट्यूबलेस टायरबद्दल वाचलं आणि घरी येऊन बाबांना सांगितलं. ट्यूबच काढून टाकायची. टायर रिमला इतका घट्ट बसवायचा की हवेला बाहेर जायला फटच राहू नये, आणि आत थोडं रबराचं दूध ओतायचं. काटा घुसला की हवेच्या जोराने ते दूध भोकाकडे धावतं आणि तिथेच गोठून भोक बुजवतं. आपण पुढे चालत राहायचं. बाबांचे डोळे चमकले. पॉवर हाऊसमध्ये त्यांचा जन्म गळती शोधण्यात गेला होता, आणि इथे गळती आपली आपण बंद होणार होती. त्यासाठी लागणारं सामान तेव्हा नाशकात मिळत नव्हतं. मग बाबांनी लहान मुलांच्या सायकलची ट्यूब आणली, ती मधोमध उभी चिरली आणि रिमवर पट्ट्यासारखी ताणून बसवली. तिचाच व्हॉल्व्ह कामाला आला. त्यावर टायर चढवला, कडांना साबणाचं पाणी लावलं आणि पंप मारायला घेतला. हवा चारी बाजूंनी फुसफुसत बाहेर. आम्ही आळीपाळीने पंप मारून घामाघूम झालो, आणि टायर आपला मख्ख. शेवटी चाक घेऊन सिन्नर रस्त्यावरच्या ट्रकच्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने कॉम्प्रेसरची नळी लावली. टायर एकदम फुगला आणि ‘फट्’ असा आवाज झाला, पाठोपाठ दुसऱ्या बाजूने आणखी एक. मी दोन पावलं मागे सरकले. ‘‘बसला!’’ बाबा ओरडले, आणि अनोळखी ट्रक ड्रायव्हरच्या पाठीवर त्यांनी थाप मारली.

रबराचं दूध बाबांनी गणपतीचे साचे बनवणाऱ्या एका माणसाकडून आणलं. साच्यांसाठी तेच वापरतात. घरी आईच्या एका जुन्या पातेल्यात पाणी घालून ते पातळ केलं, डिंकाच्या रिकाम्या बाटलीत भरलं, व्हॉल्व्हची पिन काढून बाटलीच्या चोचीने आत सोडलं. मग हवा भरायची, आणि चाक दोन्ही हातांत आडवं धरून पीठ चाळल्यासारखं हलवायचं. टायरच्या कडेला जिथे जिथे हवा झिरपत असेल तिथे पांढरे थेंब यायचे, आणि बघता बघता गोठायचे. आम्ही हे सगळं गॅलरीत करायचो. आई स्वयंपाकघरात, आमच्याकडे पाठ करून. बाबा त्या रबराच्या दुधाला चीक म्हणायचे. झाडाचा चीकच तो, चुकीचं काहीच नव्हतं. आणि आईने अबोला मोडावा म्हणून ते मुद्दाम मोठ्याने चेष्टा करायचे, ‘‘अगं, तुझ्या कुरडयांतलाच वाटीभर काढलाय चाकाला. यंदा चार कुरडया कमी तळ!’’ आई हसायची नाही. बाबांशी तिचा अबोला नव्हता, पण ज्या चेष्टेत मी होते तिच्यावर हसणं नियमात बसत नसावं. ती हातातलं काम करत राहायची. पण तेव्हा मला कळलं नव्हतं ते आता कळतं. पाठ करून उभं राहिलेलं माणूस सगळ्यात जास्त ऐकत असतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी पुढचं चाक मऊ लागलं. उन्हाळ्याने आतला चीक वाळत आला असणार. मी तेव्हा नाशिकरोडला एका कॉम्प्युटर क्लासच्या ऑफिसात बसायचे, आणि त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती. बाबा सकाळच्या पाळीला गेलेले. दुपारी ते घरी यायच्या सुमाराला मी ऑफिसातून फोन लावला. फोन उचलला गेला, पण पलीकडून ‘हॅलो’ आलं नाही. बांगड्या वाजल्या. मागे थेंब थेंब पाणी पडत होतं. चिकाच्या पातेल्यातलं वरचं पाणी हळूहळू ओतून देता देता कुणीतरी मध्येच उठून आलं असावं.

‘‘बाबा आले का?’’

बांगड्या परत वाजल्या.

‘‘आई, तूच आहेस ना? बरं, नको बोलूस. बाबा आले की एवढं सांग. पुढच्या चाकात हवा राहत नाहीये. वाटीभर चीक घालायला लागेल, जरा पातळ करून. मग हवा भरून चाक चांगलं हलवायचं आणि ठेवून द्यायचं. उद्याच्या आत तो बसला पाहिजे, आई. सगळं त्या चाकावर आहे. कळलं ना?’’

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग तिने रिसीव्हर ठेवला, अगदी हळू. ‘कुठला चीक?’ एवढे दोनच शब्द तिने विचारले असते तरी पुरलं असतं. पण तो प्रश्न होता, आणि प्रश्न विचारायचा नाही असा नियम होता. शिवाय तिच्या लेखी घरात चीक एकच होता, त्याच दिवशी तयार झालेला, आणि चाकात तोच जातो हे तिने नवऱ्याच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं.

संध्याकाळी मी घरी आले तर पुढचं चाक टणक. स्वच्छ पुसून, खाली वर्तमानपत्र घालून भिंतीला टेकवून ठेवलेलं. बाबा घरी नव्हते. त्यांना सलग रात्रपाळीपर्यंत थांबवून घेतल्याचं शेजारच्या काकूंनी सांगितलं. मला वाटलं, मधल्या वेळेत डबा न्यायला येऊन तेच करून गेले असतील. मी अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि इतकी खूश झाले की आईच्या पाठीला जाऊन मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. ती पाट मांडत म्हणाली, ‘‘कुणाला पहाटे निघायचं असंल तर दशम्या बांधून ठेवल्यात. चटणी वेगळी हाये.’’ तिच्या उजव्या तळव्याला फोड आला होता. कुरडयांचा सोऱ्या दाबून आला असेल, असं मला वाटलं. पंपाची मूठ माझ्या डोक्यातही आली नाही.

शर्यतीला मी काळीपिवळी जीपच्या टपावर सायकल बांधून गेले. डोंगराला फेऱ्या मारायच्या होत्या. पहिली फेरी मी सगळ्यांच्या पुढे संपवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा काट्यांची भीती न बाळगता चालवली. बाभळीखालून गेले तरी वळसा घातला नाही. दुसऱ्या फेरीच्या उतारावर पुढच्या चाकातून सूं सूं आवाज यायला लागला. मी मनात म्हटलं, आता बुजेल. चाक फिरत होतं, भोकातून पांढुरकं पाणी उडून माझ्या नडगीवर येत होतं, आणि आवाज थांबत नव्हता. मग वास आला. त्या तापलेल्या डोंगरावर, धुळीत, मला आमच्या स्वयंपाकघराचा वास आला. आंबूस, गव्हाचा. एका क्षणात मला सगळं कळलं. फोनवरचा श्वास, पुसलेलं चाक, तळव्यावरचा फोड. आंबलेल्या चिकाने आतलं उरलंसुरलं रबराचं दूध नासवलं होतं. टायर रिमवरून सुटला आणि मी पडले. लागलं नव्हतं. तरी मी तिथेच बसून राहिले आणि मला रडू यायला लागलं. ते शर्यतीसाठी नव्हतं. आई माझ्या बाजूने होती, आणि हे मला कळायची हीच एक रीत शिल्लक राहिली होती, म्हणून मी रडत होते. बरोबर ट्यूब होती ती टाकली, पण टायरमधले काटे घाईत पुरते निघाले नाहीत आणि तीही पंक्चर झाली. मग सायकल खांद्यावर घेऊन उरलेली वाट चालले. माझ्या आधी कितीजणी पोचल्या हे मी विचारलं नाही. निवडीच्या यादीत मी नव्हते.

एका मुलाने उसनी ट्यूब दिली, काटे काढून टायर भरून दिला, म्हणून परत येताना निदान सायकल चालवत आले. बाबा कॉलनीच्या गेटपाशी उभे होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलंच. थोडा वेळ आम्ही सायकल मध्ये घेऊन चाललो. ‘‘चाकात चीक तुम्ही नव्हता घातला ना?’’ मी विचारलं. ‘‘मी कधी घालणार? मी आज सकाळी सुटलोय,’’ ते म्हणाले. मग मी त्यांना सांगितलं. ते थबकले. आपली चेष्टा त्यांना आठवली असावी, कारण त्यांचा चेहरा उतरला तसा मी तो आधी कधी पाहिला नव्हता. ‘‘अरे देवा,’’ एवढंच म्हणाले. मी त्यांना म्हटलं, ‘‘आईला यातलं काही कळता कामा नये.’’

आई दारातच उभी होती. हाताला पीठ, पदर कमरेला खोचलेला. आम्हाला येताना पाहून ती एक पायरी उतरली आणि म्हणाली, ‘‘आलीस?’’

कुणी नाही. तू. इतक्या महिन्यांनी. मी काही बोलायच्या आत तिने सायकलच्या पुढच्या चाकावर हात ठेवला, दाबून पाहिलं, आणि विचारलं, ‘‘हवा राहिली ना गं?’’

‘‘राहिली, आई,’’ मी म्हटलं. ‘‘शेवटपर्यंत राहिली. चेन तुटली माझी. नाहीतर आलेच होते.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘चेनीला काय करणार. ते कुणाच्या हातात हाये?’’ आणि पिठाच्या हाताने तिने माझ्या गालावरची धूळ पुसली. मला अंघोळीला पाठवलं. न्हाणीत मी पाणी जोरात सोडून रडले. शर्यत गेली होती, नोकरी गेली होती, आता चांदवड पक्कं होतं, आणि तरी मला इतकं हलकं वाटत होतं की त्याचीच लाज वाटत होती.

मामा ठरल्याप्रमाणे आला. बाबा शब्द पाळायचा म्हणून मान खाली घालून बसले होते. आई चहा घेऊन बाहेर आली आणि कप ठेवून तिथेच उभी राहिली. ‘‘भाऊ, त्यांना सांग, दुसरीकडं बघा,’’ ती म्हणाली. ‘‘पोरगी पुढच्या वर्षी परत जाणार हाये.’’ मामाने डोळे मोठे केले. ‘‘अगं ताई, शब्द झालाय आमचा. आणि पुढच्या वर्षी तरी काय होणार? परत काटा, परत पंक्चर.’’ ‘‘चाकाचं मी बघते,’’ आई म्हणाली. मामा हसला. आई हसली नाही. मामा चहा तसाच ठेवून उठला. ‘‘त्यांना मी काय सांगायचं ते सांगतो. पण माझं ऐक, थोडं थांबून परत विचार कर,’’ असं दारातून म्हणून तो गेला.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने आई माझ्याशी इतकं बोलली की जणू साठलेलं सगळं काढत होती. तिच्या काकूचं, शाळा सुटल्याचं, लग्नाआधी ती भावाची सायकल चोरून चालवायची त्याचं. हे शेवटचं मला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं. पावसाळ्यात तिला कावीळ झाली. आधी आम्ही तिघांनीही ती मनावर घेतली नाही, मग दवाखाने झाले, आणि श्रावण संपायच्या आत ती गेली. त्याबद्दल मी आणखी लिहू शकत नाही. अजूनही नाही.

घरातलं मोठं माणूस गेलं की लग्नाचं काय ते वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं आमच्यात मानतात. तेराव्याला मामाने तेच काढलं. चांदवडची मंडळी अजून थांबली होती. त्याने त्यांना कधी नाही म्हणून कळवलंच नव्हतं. बाबा म्हणाले, ‘‘हिची आई नाही म्हणाली होती,’’ पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. मामा रडत होता. त्याची बहीण गेली होती, आणि भाचीचं करणं हे त्याला तिचंच काम वाटत होतं. आईच्या जाण्यानेच माझं लग्न जवळ आलं. माझ्याशी भांडायला घरात कुणी उरलं नव्हतं, आणि माझ्या बाजूने उभं राहायलाही. मी हो म्हटलं. माझा नवरा चांगला माणूस आहे, हे इथे लिहिलं पाहिजे. चांदवडला त्या काळी सुनेने सायकलवर बसायची पद्धत नव्हती, आणि तिथे ती मागण्याइतकं बळ माझ्यात राहिलं नव्हतं.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले. बाबा एकटेच राहत होते. गॅलरीत माझी सायकल उलटी उभी करून ठेवली होती, चाकं वर. बाबा चहा टाकायला आत जाता जाता सवयीने पुढचं चाक फिरवून गेले, मग मागचं.

‘‘हे काय, बाबा?’’

‘‘आठवड्यातून एकदा फिरवायचं असतं ना. नाहीतर चीक एकाच जागी बसतो. तूच सांगितलं होतंस.’’

मी पुढच्या चाकाला कान लावला आणि हलवून पाहिलं. आत काहीच खळखळलं नाही. रबराचं दूध काही महिनेच टिकतं, फिरवा नाहीतर न फिरवा.

‘‘वाळला हा, बाबा. पार कोरडा झालाय. टायर काढून आतलं खरवडून टाकू, नवीन भरू. थांबा, मीच काढते.’’

‘‘नको,’’ ते आतून लगेच म्हणाले, आणि चहाची गाळणी हातात घेऊनच बाहेर आले. ‘‘वाळलाय ते ठाऊक आहे मला.’’ मग म्हणाले, ‘‘तू चेन तुटली म्हणालीस ना, त्या दिवशी तू अंघोळीला गेलीस आणि तुझी आई बाहेर आली. सगळी चेन हाताने चाचपून पाहिली तिने. मग मला विचारलं, पोरगी कुठला चीक म्हणत होती? मला सांगावं लागलं.’’

‘‘मग ती मला बोलली का नाही?’’

‘‘म्हणाली, पोर हरून आली आन् दारात मलाच सांभाळत बसली. आता तिच्यापुढं हे काढू नका. मला नीट शिकवा.’’ बाबांनी गाळणी उगाच या हातातून त्या हातात घेतली. ‘‘तू क्लासला जायचीस तेव्हा दुपारी शिकायची. ट्यूब चिरण्यापासून सगळं. दोन वेळा टायर बसला नाही, तिसऱ्यांदा माझ्याबरोबर त्या टायरवाल्याकडे आली, आणि तो फट् आवाज झाल्यावर अशी हसली. तुला वाटलं, शर्यतीनंतर हे चाक मी परत बसवलं. ते तिने बसवलंय. आत वाळलाय तो चीक तिने घातलेला आहे.’’